मोजपट्टी कोणाच्या हातात?

मानसशास्त्राचा परिचय करून देणारे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. पहिल्या प्रकरणात व्याख्या आणि इतिहास, पुढे संशोधनपद्धती, त्यानंतर मेंदू आणि मज्जासंस्था. हा क्रम सहसा बदलत नाही. गेली अनेक वर्षे मी हीच प्रकरणे पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवत आलो आहे. आपल्या नियतकालिकांतून आपण कविता, कथा, आत्मकथन यांची समीक्षा करतो. परंतु आपल्या मुलामुलींच्या हाती पडणारे पाठ्यपुस्तक हेही एक प्रकारचे वाङ्मयच आहे, आणि कवितासंग्रहापेक्षा त्याचे वाचक कितीतरी जास्त आहेत. त्यालाही निवेदक असतो, नायक असतो, आणि ज्यांच्याविषयी निवेदक अवाक्षर काढत नाही अशी माणसेही असतात. म्हणून त्याचीही समीक्षा झाली पाहिजे, असे मला वाटते.

मला हे लिहायला एका मुलीने भाग पाडले. मेंदूचे प्रकरण संपले त्या दिवशी ती वर्गाबाहेर थांबली होती. तिचे वडील सफाई कामगार. आरक्षणावरून वर्गात वाद झाला होता आणि कोणीतरी तिला गुणवत्तेचा टोमणा मारला होता. ती म्हणाली, "सर, खरं सांगा, आपल्या लोकांच्या मेंदूतच काही कमी असतं का?" मी ताबडतोब म्हणालो, "नाही." त्यावर तिने विचारले, "नाही, हे तुम्ही म्हणता की पुस्तक म्हणतं?" मी निरुत्तर झालो. पुस्तक तसे म्हणत नव्हते हे खरे. पण ते 'नाही' असेही म्हणत नव्हते. या प्रश्नावर ते गप्प होते. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू. पाठ्यपुस्तकाच्या मते मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे झाला, कारण विल्हेल्म वुंट यांनी तेथे प्रयोगशाळा काढली. भारतात हे शास्त्र १९१६ साली कलकत्ता विद्यापीठातील स्वतंत्र विभागाच्या रूपाने आले. कुंडली अशी स्वच्छ आहे. पण माणसाच्या मनाला शास्त्राच्या भाषेत नावे ठेवण्याचा उद्योग वुंटच्या आधीपासून चालू होता, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे तर मळ्यांवर चालू होता. १८५१ साली अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या एका 'रोगा'चा शोध लावला. मालकाकडून पळून जाण्याची इच्छा होणे हाच तो रोग. त्याला त्याने ग्रीक वळणाचे नाव दिले, 'ड्रॅपेटोमेनिया', आणि उपायांत फटक्यांचा समावेश केला. ज्याला आपण मुक्तीची आकांक्षा म्हणतो तिला मालकाच्या शास्त्राने आजार ठरवले. हा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येईल का? मला तसे वाटत नाही. दोष माणसाच्या आत शोधायचा आणि त्याला जखडणाऱ्या साखळीकडे पाहायचे नाही, ही सवय त्या डॉक्टरबरोबर मेली नाही. वसतिगृहात एकाकी पडलेल्या आपल्या विद्यार्थ्याला 'समायोजनाची समस्या आहे' असे सांगितले जाते, तेव्हा ती जिवंत असते. समायोजन कशाशी करायचे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

दुसरे प्रकरण संशोधनपद्धतींचे. आपल्या कार्यकर्त्यांना ते रुक्ष वाटते. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यात चार साधने सांगितलेली असतात. निरीक्षण करणे, एखाद्या व्यक्तीचा सखोल अभ्यास करणे, अनेकांना प्रश्न विचारून दोन गोष्टी एकत्र वाढतात की घटतात हे पाहणे, म्हणजे सहसंबंध, आणि प्रयोग. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ते विसरण्यासारखे नाही. 'ज्या वस्तीत गरिबी आहे तेथील मुलांना गुण कमी पडतात' हे निरीक्षण झाले. 'म्हणून ती मुलेच कमी बुद्धीची' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. गुण कमी पडण्यामागे उपास असेल, दूरची शाळा असेल, मास्तरांची नजर असेल. यांपैकी काय खरे हे ठरवायचे तर बाकीचे सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. यालाच प्रयोग म्हणतात.

पाठ्यपुस्तकात प्रयोगाचे उदाहरण म्हणून दूरदर्शनवरील मारामारी आणि मुलांची आक्रमकता असे काहीतरी असते. मी दुसरे उदाहरण देतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी क्षेत्रातील नोकऱ्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, कागद सारखा. फरक फक्त नावाचा. एकावर उच्चवर्णीय वाटावे असे आडनाव, एकावर दलित आडनाव, एकावर मुस्लिम नाव. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला त्याहूनही बरीच कमी. येथे उमेदवाराचा मेंदू कोणी पाहिलाच नव्हता; खरे तर उमेदवारच नव्हता. होते ते फक्त एक आडनाव. 'त्यांची गुणवत्ताच कमी' या युक्तिवादाला या प्रयोगात शिरायला फटच उरत नाही. प्रयोगपद्धतीचे सामर्थ्य समजावून देण्यासाठी यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पण मी शिकवलेल्या एकाही पुस्तकात ते मला आढळले नाही.

संशोधन कोणावर होते, हा पुढचा प्रश्न. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकन मानसशास्त्रातील प्रमुख नियतकालिके तपासली, तेव्हा असे दिसले की ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांतील सुमारे ९६ टक्के माणसे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होती. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा जेमतेम १२ टक्के. त्यातही मोठा भरणा मानसशास्त्र शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा. अशा मूठभरांवरून काढलेले निष्कर्ष 'मानवी मन' या नावाने आपल्यापर्यंत येतात. यालाही नमुन्याची चूकच म्हणतात, आणि तीही त्याच दुसऱ्या प्रकरणात शिकवलेली असते!

आता मोजपट्टीकडे येतो. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने आल्फ्रेड बिने यांच्यावर एक काम सोपवले: शाळेत मागे पडणारी, जादा मदतीची गरज असलेली मुले कशी ओळखावीत? १९०५ साली बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि न बदलणारी असते, या मताला बिनेंचा स्पष्ट विरोध होता. १९११ साली ते वारले. चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थच उलटला. मदत कोणाला द्यावी हे शोधणारी मोजपट्टी बाहेर कोणाला काढावे हे ठरवू लागली. हेन्री गॉडर्ड यांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या निर्वासितांना ती लावली आणि तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन माणसांपैकी बहुसंख्य मंदबुद्धी असल्याचे जाहीर केले. लांबचा समुद्रप्रवास करून आलेली, इंग्रजी न समजणारी ती माणसे होती! पुढे पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख सैनिकांना चाचण्या दिल्या गेल्या. निरक्षरांसाठीच्या चित्रचाचणीत ग्रामोफोनचा कर्णा आणि टेनिसच्या मैदानावरची जाळी नसलेली चित्रे होती. काय उणे आहे ते सांगायचे. ज्याने टेनिस पाहिलेच नाही त्याच्या बुद्धीत जाळी उणी ठरली.

या आकड्यांवर कार्ल ब्रिगॅम यांनी १९२३ साली पुस्तक लिहिले. त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरणारी होती: निर्वासित अमेरिकेत जितकी जास्त वर्षे राहिलेला, तितके त्याचे गुण जास्त. साध्या माणसालाही कळेल की चाचणी अमेरिकेचा सराव मोजत होती. ब्रिगॅमनी मात्र निष्कर्ष काढला की नंतर येणारी माणसे हलक्या वंशाची आहेत. १९२४ साली अमेरिकेने निर्वासितांवर कडक निर्बंध घातले. त्या कायद्याला केवळ या चाचण्या कारण झाल्या असे म्हणता येणार नाही. पण वंशश्रेष्ठत्वाच्या जुन्या गर्वाला त्यांनी शास्त्राचा अंगरखा शिवून दिला. १९३० साली ब्रिगॅमनी स्वतःच आपला अभ्यास निराधार असल्याचे मान्य केले. चूक कबूल करता येते हे शास्त्राचे मोठेपण खरे. पण सहा वर्षांपूर्वी बंद झालेला दरवाजा त्या कबुलीने उघडला नाही.

हीच परंपरा आपल्याकडेही आली. मुंबई-कर्नाटक भागातील मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले. १९४० साली त्यांचे पुस्तक निघाले. परकी चाचणी जशीच्या तशी न लादता ती इथल्या भाषेत घडवली पाहिजे ही त्यांची दृष्टी योग्य होती, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न पुढचाच आहे. भाषा बदलली, पण त्या भाषेत गावकुसाबाहेरचा अनुभव येतो का?

माझाच दाखला देतो. मी आठवीत असताना वसतिगृहात कोणी साहेब चाचणी घ्यायला आले. एक प्रश्न होता: रस्त्यात पैशाचे पाकीट सापडले तर काय कराल? मी म्हणालो, "हात लावणार नाही. तिथून निघून जाईन." साहेबांनी शून्य लिहिले. बरोबर उत्तर होते, मालकाला किंवा पोलिसांना नेऊन देईन. आमच्या वस्तीतला मुलगा हातात पाकीट घेऊन पोलीस ठाण्यात गेला असता तर त्याला आधी कोणता प्रश्न विचारला गेला असता, हे त्या साहेबांना ठाऊक नव्हते. मला तेराव्या वर्षी ठाऊक होते. मी दिलेले उत्तर बुद्धीचेच होते. ते माझ्या जगातले होते, चाचणीच्या जगातले नव्हते, एवढाच काय तो फरक.

तिसरे प्रकरण मेंदूचे. सुमारे चौदाशे ग्रॅम वजन, सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि प्रत्येकीच्या इतर पेशींशी हजारो जोडण्या. या प्रकरणात दोन माणसे हटकून भेटतात. एक 'टॅन'. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासून वाचेचे केंद्र सांगितले. या रोग्याला एकच अक्षर उच्चारता येई, म्हणून त्याचे नावच टॅन पडले. त्याचे नाव लेबोर्न्य होते आणि जोड्यांसाठी लागणारे लाकडी फरमे बनवणारा तो कारागीर होता; त्याच्या आयुष्याविषयीचा सविस्तर शोध दीडशे वर्षांनी, २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा मेंदू जपून ठेवला गेला, पण त्याचा धंदा आणि त्याचे माणूसपण मात्र विसरले गेले. दुसरा फिनिअस गेज, अमेरिकेतील रेल्वेमार्गावरचा मुकादम. १८४८ साली सुरुंगाचा लोखंडी गज त्याच्या डोक्यातून आरपार गेला. तो जगला, पण त्याचा स्वभाव बिघडला, असे पुस्तक सांगते आणि थांबते. पुढे तो चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता, म्हणजे बऱ्याच अंशी सावरला होता, हे बहुतेक पुस्तके सांगत नाहीत. श्रमिकाचा अपघात शास्त्राला हवा असतो. त्याने पुन्हा उभे राहणे नको असते, असा प्रश्न मनात येतो.

मेंदूच्या आकारावरून माणसांची उतरंड लावण्याचा उद्योगही जुना आहे. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल मॉर्टन कवट्यांत आधी बिया आणि नंतर शिशाच्या गोळ्या भरून त्यांचे आकारमान मोजत. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची मोजमापे घेऊन नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. मॉर्टन यांनी नकळत आकडे झुकवले, असा आरोप स्टीफन जे गोल्ड यांनी केला आणि १९८१ च्या त्यांच्या पुस्तकामुळे तो आपल्यासारख्यांना प्रिय झाला. पण २०११ साली काही संशोधकांनी त्याच कवट्या पुन्हा मोजल्या, तेव्हा मॉर्टनची मोजणी बहुतांशी बरोबर आणि गोल्डच अनेक ठिकाणी चुकलेले आढळले. गोल्ड आपल्या बाजूचे म्हणून हे लपवायचे का? मुळीच नाही. उलट यातून मोठा धडा मिळतो. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष खोटा असू शकतो. कवटीचे सरासरी आकारमान हवामानाशी आणि देहयष्टीशी निगडित असते; त्यावरून कोणाची योग्यता ठरत नाही. चूक गोळ्या मोजण्यात नव्हती, प्रश्नात होती.

मग बुद्धी आनुवंशिक असते की नाही? येथे आपले कार्यकर्ते घाईने 'अजिबात नाही' म्हणतात. तेही बरोबर नाही. एकाच समूहातील व्यक्तींमधील फरकात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते. पण त्यावरून दोन समूहांमधील फरक आनुवंशिक ठरत नाही. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० साली दिलेला दृष्टान्त आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. एकाच पोत्यातले बियाणे घ्या. अर्धे काळ्या कसदार जमिनीत पेरा, अर्धे मुरमाड रानात. काळ्या जमिनीतल्या ताटांमध्ये उंचीचा जो फरक पडेल तो बियाण्याचा; मुरमाड रानातल्या ताटांमधलाही बियाण्याचाच. पण दोन रानांमधला फरक? तो निव्वळ जमिनीचा. आपल्याला मुरमाड रान कोणी दिले, हा इतिहासाचा प्रश्न आहे, बियाण्याचा नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली दाखवले की अनेक देशांत एका पिढीत बुद्ध्यंक झपाट्याने वाढले. हॉलंडमध्ये तर १९५२ ते १९८२ या काळात वीसएक अंकांनी. तीस वर्षांत रक्त बदलत नाही. शाळा, अन्न आणि जगणे बदलते.

मेंदूही बदलतो. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले. हजारो रस्ते पाठ केलेल्या त्या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा निघाला. २०११ च्या अभ्यासात शिकाऊ उमेदवारांचे मेंदू आधी आणि नंतर पाहिले, तेव्हा जे शिकून उत्तीर्ण झाले त्यांच्यात ही वाढ दिसली. मेंदू ही ललाटरेषा नव्हे. तो राबवला तर घडतो, आणि जखडला तर खुरटतो.

तो मारलाही जातो. मेंदूच्या प्रकरणात घ्राणेंद्रियाची मज्जा आणि श्वसन नियंत्रित करणारा मेंदूचा देठ यांची आकृती असते. त्या दोहोंचा संबंध मी आता वर्गात असा सांगतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो; माणसाला वाटते, वायू गेला. आणखी वाढले की श्वसनाचे केंद्र बंद पडते आणि माणूस क्षणार्धात कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्याच्यावर पडतो. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची आणि २०२३ साली तीस लाखांची भरपाई सांगितली. तरी माणसे उतरवली जातात. माझा सवाल असा आहे: सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका मुकादमाच्या डोक्यातून गेलेला गज पुस्तकात येतो, मग आपल्या शहराच्या रस्त्याखाली विझणारे मेंदू का येत नाहीत?

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे शास्त्रच प्रस्थापितांचे, ते फेकून द्या. मला हा मार्ग आत्मघातकी वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काय केले ते पाहा. १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकाची मोजमापे झिडकारली नाहीत. घुर्ये यांनी दिलेली तीच आकडेवारी घेतली, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी ठेवले, आणि दाखवून दिले की ही मोजमापे खरी मानली तर दोघांचा वंश एकच ठरतो. मोजपट्टी त्यांचीच, पण बाबासाहेबांनी ती त्यांच्यासमोर प्रामाणिकपणे लावली आणि त्यांचा सिद्धांत कोसळला. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे काम १९५४ साली शाळांतील वर्णभेद रद्द करणाऱ्या निकालात नोंदले गेले. १९७९ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धी वर्गात ढकलण्यासाठी बुद्धिचाचण्या वापरायला मनाई केली. हे सगळे पद्धत शिकलेल्या माणसांनी केले.

आपल्या साहित्याच्या दृष्टीने एक मुद्दा सांगून थांबतो. पद्धतीच्या प्रकरणात स्वानुभवाच्या दाखल्याला सर्वांत कमी वजन दिलेले असते. मग आपली आत्मकथने शास्त्राच्या दारात निरर्थक ठरतात काय? नाही. दाखला प्रश्न उभा करतो, मोजणी तो किती जणांचा आहे हे सांगते, आणि प्रयोग त्याचे कारण उघडे करतो. आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपल्या लेखकांनी कितीतरी आधी लिहून ठेवले होते. अर्जांच्या प्रयोगाने त्याला आकडा दिला. दाखला नसता तर प्रयोग करायचे कोणाला सुचले असते? त्याचबरोबर आपल्या बाजूच्या आकड्यांनाही तीच कसोटी लावली पाहिजे. २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत मूळ निष्कर्ष हाती आला नाही. आपल्याला सोयीचा म्हणून एखादा प्रयोग डोक्यावर घेऊन नाचणे ही पोथीनिष्ठाच, आणि पोथ्या आपण एकदा जाळल्या आहेत.

त्या मुलीला मी आता सांगेन: नाही, तुझ्या मेंदूत काही कमी नाही, आणि हे मी म्हणतो म्हणून मानू नकोस. ज्याने तुला टोमणा मारला त्याला विचार, कोणाला मोजले, कशाने मोजले, तुलना कोणाशी केली, आणि दोघांना एकच रान मिळाले होते का? हे चार प्रश्न तुझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणातच आहेत. ते प्रकरण नीट वाच. पहिल्या प्रकरणात तुझे नाव नाही आणि तिसऱ्यात तुझ्या वडिलांचे काम नाही. ती दोन्ही प्रकरणे पुढे तुझ्यासारख्यांनाच लिहायची आहेत.